अब्राहाम दोन्ही बाजूंना आहे

बायबलचं सार काय, या चर्चेत एका भाऊंनी ‘फक्त विश्वास’ म्हटलं (रोमकरांस ३:२८), एका ताईंनी ‘आचरण’ (याकोब २:२४). पण रोमकरांस पत्र लिहिणारा पौल आणि याकोबाचं पत्र लिहिणारा याकोब दोघंही साक्षीला एकच वचन काढतात, उत्पत्ती १५:६: अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. पौलाचा मुद्दा काळाचा आहे: अब्राहाम नीतिमान गणला गेला तेव्हा सुंता झालीच नव्हती, ती १७व्या अध्यायात येते; म्हणजे विश्वास आधी, विधी नंतर. याकोब मात्र थेट २२व्या अध्यायात, अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघतो त्या वेदीपाशी नेतो; म्हणजे विश्वास कृतीत दिसला.

नवापूर-नंदुरबारकडे अभ्यासवर्ग घेणाऱ्यांनी हे उतारे वेगवेगळ्या रविवारी घेऊ नयेत, तट पडतात. आधी उत्पत्ती १५, १७, २२ सलग, मग रोमकरांस ४, शेवटी याकोब २. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२२मध्ये याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हणून हिणवलं. आपल्या भाषांतरातून ते वगळलं मात्र नाही, मागे सरकवलं एवढंच.