लिनक्स मिंटवर 'नीड फॉर स्पीड २ एसई' चालवायचाय, भाऊबीजेच्या आत

माळ्यावरची_ताई:
ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझा लॅपटॉप ११ घेत नाही म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं. भाऊ सात वर्षांनी भाऊबीजेला येतोय. १९९७ च्या नीड फॉर स्पीड (एनएफएस) २ एसई या कार रेसिंग गेमची मूळ सीडी सापडली, पण मिंटवर सेटअप उघडतच नाही. एका कीबोर्डवर, अर्धी-अर्धी स्क्रीन करून आम्ही दोघं खेळायचो, तेच हवंय. बजेट १,००० रुपये. बाबांचा विंडोज ९८ चा पेंटियम ३ संगणक माळ्यावर आहे, पण चालू होत नाही.

टर्बो_नाना:
ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घ्या. मी ७२,००० चा घेतला, सगळं लोण्यासारखं चालतं.

खंबाटकी_घाट:
एनएफएस २ मध्ये पोलीसच नाहीत! १९९८ चा तिसरा भाग टाका, पाठलाग त्यात आहे.

एफ५०_प्रेमी:
ताईंनी दुसरा भाग विचारलाय. मॅकलॅरेन एफ१ घेऊन 'आउटबॅक' ट्रॅक मारा, मग बोला.

उबंटू_काका:
वाईन टाका, ते विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवतं. सेटअप त्यातून चालवा. हा गेम थ्रीडीएफएक्स कंपनीच्या जुन्या व्हूडू ग्राफिक्स कार्डाची ग्लाइड भाषा बोलतो. आजचं कार्ड ती समजत नाही, म्हणून एनग्लाइड लागेल. ते मधे बसून दुभाष्याचं काम करतं.

टर्बो_नाना:
आजच्या ६४-बिट सिस्टीमवर जुने १६-बिटचे सेटअप चालत नाहीत, मी स्वतः डोकं फोडून घेतलंय.

उबंटू_काका:
ती अडचण ६४-बिट विंडोजची. वाईनमध्ये चालतात.

रात्रपाळी:
वाईनही नको. या गेमचा लिनक्ससाठी केलेला मोफत पोर्ट, म्हणजे थेट लिनक्सवर चालणारी आवृत्ती आहे. सीडीवरचे fedata आणि gamedata हे दोन फोल्डर त्यात कॉपी करायचे. फाइलींची नावं लहान अक्षरांत करायला विसरू नका, लिनक्सला FEDATA आणि fedata वेगळे वाटतात. माझे दोन दिवस यातच गेले.

सांगलीकर_९८:
वाईन टाका ताई, सोपं आहे. माळ्यावरचा कॅबिनेट मात्र भंगारात द्या. माझ्या जुन्या मशीनचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) चालू करताच फाटकन उडाला, घरभर जळका वास.

खंबाटकी_घाट:
+१. जुन्या बोर्डाचे कपॅसिटर फुगलेले असतात.

माळ्यावरची_ताई:
सगळ्यांचे आभार. रात्रपाळींच्या कृतीने गेम अर्ध्या तासात चालू झाला, चित्रही स्वच्छ. पण लॅपटॉपच्या कीबोर्डवर चार हात मावत नाहीत, आणि तो पडदा आमचा वाटेना.

म्हणून कॅबिनेट उतरवला. कपॅसिटर बघितले, एकही फुगलेला नव्हता. जुना एसएमपीएस चालू न करताच काढून टाकला, नवा ६५० ला आणला. त्याच्या २४ पिनांतल्या ४ सुट्या होतात, उरलेल्या २० जुन्या बोर्डात बसल्या. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल बदलला, कारण तारीख आणि हार्ड डिस्कची सेटिंग पुसली गेली होती. तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर एक बीप, आणि विंडोज ९८ उघडलं. गेम डिस्कवर तसाच होता. व्हूडू कार्ड नाही, चित्र दाणेदार येतं, पण आम्ही तसंच बघायचो. हाय स्कोअरच्या यादीत भावाचं नाव अजून माझ्या वर आहे. परवा दुपारी तो पोचतोय, तोवर रोज एक तास सराव.

सांगलीकर_९८:
एसएमपीएस कुठल्या दुकानातून घेतला?