वडिलांच्या कापशी चपलेला बुरशी लागली आहे, मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या वडिलांची कापशी चप्पल (कोल्हापुरीचाच एक प्रकार) वाचवायची आहे आणि त्यासाठी चामड्याचे काम जाणणाऱ्यांचे मार्गदर्शन हवे आहे. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधून घेतलेली ही जोडी ते फक्त सणावाराला आणि लग्नकार्याला घालत. ते गेल्यावर आम्ही ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेवर ठेवली. आम्ही चिपळूणला राहतो आणि इथल्या पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात, त्यामुळे गणपतीच्या आधी आवराआवर करताना पिशवी सोडली तेव्हा आधी कुबट वास आला आणि मग पट्ट्यावर, वेणीच्या पेडांमध्ये, अगदी गोंड्यावरसुद्धा पांढरट-हिरवी बुरशी दिसली.

ती मी अंगणात नेऊन कोरड्या ब्रशने झाडली. त्यानंतर मात्र माझ्या हातून दोन चुका झाल्या. ओल्या फडक्याने पुसून चप्पल दुपारभर उन्हात ठेवली, त्यामुळे तळ लाकडासारखा ताठ झाला आणि टाचेकडचे थर कडेने उचलले गेले. तो मऊ पडावा म्हणून भरपूर खोबरेल तेल लावले, तर ते जागोजागी डागासारखे मुरले आणि आठवड्याभरात पुन्हा पांढरी पूड दिसू लागली.

पूड कशाची आहे हे पाहण्यासाठी हेअर ड्रायरची कोमट हवा धरली. कातड्यातील चरबी वर आली असेल तर ती उबेने विरघळते आणि बुरशी तशीच राहते. चपलेच्या कानांवरची, म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांवरची पूड नाहीशी झाली, पण वेणीतली जागची हलली नाही.

डाव्या टाचेखाली रुपयाएवढा निळसर काळा डागही आहे. पिशवी फाटून टाच ट्रंकेच्या गंजलेल्या कडीला टेकली होती. कोल्हापुरीचे कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात आणि त्यातील टॅनिन या तुरट द्रव्याला ओले लोखंड लागले की असा रंग धरतो. हिरड्यात हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी शाई करत, तोच हा प्रकार.

वेणीतील बुरशी पेडांना इजा न होता कशी काढावी? काळा डाग घरी फिका करता येईल का? आणि उचललेले थर कसे बसवावेत? अस्सल कोल्हापुरी खिळ्याविना, चामड्याच्या वादीनेच शिवलेली असते, म्हणून तिला खिळा किंवा सोल्युशन लावू देण्याचे माझ्या मनात नाही. चप्पल कोणी घालणार नाही, पण ती वडिलांच्या पायाचा ठसा जपून नीट राहावी, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद:

ताई, तेल आता अजिबात लावू नका. जास्तीचे तेल बुरशीला पोसते. सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घ्या, त्यात जुना मऊ टूथब्रश जेमतेम ओला करून वेणीच्या पेडांमधून हलक्या हाताने फिरवा. आधी तळाच्या बाजूला लावून रंग सुटतो का ते पाहा. मग सावलीत, पंख्याखाली दोन दिवस राहू द्या.

काळ्या डागावर लिंबाचा रस पाण्यात पातळ करून कापसाने टेकवा आणि पाच मिनिटांनी स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा टिपून घ्या, कारण आंबटपणा आत राहिला तर कातडे तडकते. डाग फिका होईल, पूर्ण जाईलच असे नाही. टाचेचे थर त्याच वेळी किंचित ओलसर करून दोन फळ्यांमध्ये वजनाखाली दाबा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. सालीने कमावलेले कातडे ओलसर असताना दिलेला आकार धरते. एखादी वादी तुटली असेल तर तेवढी कोल्हापुरी शिवणाऱ्या कारागिराकडून ओवून घ्या.

सगळे वाळल्यावर एरंडेलाचे चार-पाच थेंब बोटाने फक्त ताठ भागावर चोळा. ठेवताना प्लास्टिक नको. सुती पिशवी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि लोखंडापासून दूर लाकडी फळी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेर काढून वारा लागू द्या. गोंडा मात्र ओला करू नका, त्याचा रंग पट्ट्यावर उतरतो.