छोट्या गावातल्या हायस्कूलचे खेळाडू आणि कोच: गौरव फलकावर कुणाची नावं, आणि ठरवायची कशी?

दहावी_ब_मागचा_बाक

नमस्कार मंडळी. आमचं हायस्कूल छोट्या गावातलं, एका वर्गात सगळी मिळून तीस-चाळीस पोरं, पण खेळात मात्र शाळेचं नाव बऱ्यापैकी होतं. आता माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपने ठरवलंय की आजवरच्या चांगल्या खेळाडूंचा आणि त्यांना घडवणाऱ्या सरांचा कायमचा काहीतरी सन्मान करायचा, म्हणजे एक दिवस सत्कार, भाषणं, फोटो आणि मग सगळे घरी असं नको, हॉलमध्ये फलक लावायचा आणि दरवर्षी त्यात भर घालायची. वर्गणीचं जमतंय, जागा मुख्याध्यापकांनी दिलीये. गाडी अडलीये ती नावांवर. ग्रुपवर सुचवायला सांगितलं तर रात्रीतून एवढी नावं आली की फलक सोडा, भिंत पुरणार नाही, आणि त्यातली निम्मी ग्रुपमधल्यांचीच किंवा त्यांच्या सख्ख्या-चुलत भावांची.

मला खरं विचारायचंय ते असं. खेळाडूचं एकवेळ मेडल बघून ठरवता येईल, कोचचं काय बघायचं? आमच्याकडे एक सर होते, त्यांची टीम स्टेटला कधीच गेली नाही, पण त्यांच्यामुळे सगळी शाळा संध्याकाळी ग्राउंडवर असायची. दुसरे एक आहेत त्यांच्याकडे ट्रॉफ्यांचं कपाट भरलंय, पण ते अजून नोकरीत आहेत. आणि जुने रेकॉर्ड म्हणजे निव्वळ गोंधळ आहे, रजिस्टरची पानं गायब. कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

क्रीडाशिक्षक म्हणून रिटायर झालोय आणि अशा कमिट्यांवर बसून झालंय, म्हणून आधीच सांगतो, नावं बाजूला ठेवा आणि पहिले नियम लिहून काढा. नावं समोर ठेवून नियम करायला बसलात की प्रत्येक जण आपलं माणूस बसेल असाच नियम सुचवतो. नियम झाले, सगळ्यांच्या सह्या झाल्या, की मगच अर्ज मागवा.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचे, म्हणजे थोर खेळाडूंच्या गौरव-दालनाचे, नियम बघा, तुमच्या कामाचे आहेत. खेळाडूला निवृत्त होऊन पाच वर्षं झाल्याशिवाय त्याचं नाव मतदानाला येत नाही, आणि आलं तरी 75 टक्के मतं लागतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दरवर्षी कुणाला तरी घ्यायचंच अशी सक्ती नाही, 2013 मध्ये आणि परत 2021 मध्ये पत्रकारांच्या मतदानातून एकही खेळाडू निवडला गेला नाही, ती वर्षं तशीच गेली. तुम्ही लिहिलंय ना दरवर्षी भर घालायची, तिथेच गडबड होते बघा. पहिली दोन-तीन वर्षं खरी माणसं येतात, मग कार्यक्रम ठरलाय, पाहुणे ठरलेत, म्हणून कुणालाही उभं करायची वेळ येते. 'दरवर्षी विचार करू, योग्य वाटलं तरच घेऊ' असं लिहा.

आणि एकमताचा हट्ट नको. 1936 ला पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा 226 जणांनी मतं दिली, त्यात बेब रूथला, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात गाजलेल्या खेळाडूला, 215. म्हणजे अकरा जणांना बेब रूथसुद्धा पटला नव्हता! शंभर टक्के मतं मिळवणारा पहिला खेळाडू थेट 2019 मध्ये सापडला, मारियानो रिवेरा. तुमच्या कमिटीत एक जण विरोधात गेला म्हणून कुणी रुसायचं कारण नाही.

नोकरीत असलेल्या कोचबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नको. कमिटीतल्या लोकांची पोरं त्यांच्याच हाताखाली टीममध्ये यायला बघत असतात, तिथे मोकळं मत कोण देणार. रिटायर होऊ दे, मग थोडी वर्षं जाऊ दे.

खोखोवाली

सरांच्या नियमांना +1, पण वाट बघायचं मला एवढं पटत नाही. वाट बघता बघता माणूस जातो हो. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, 1984 मध्ये ते गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. अर्जुन तर 1961 पासून सुरू होता. म्हणून खेळाडूला पाच वर्षं ठीक आहे, पण वयस्कर सरांसाठी वेगळी सोय ठेवा, जे सत्तरीच्या पुढे आहेत त्यांचे अर्ज आधी बघायचे असं काहीतरी. कोचने स्वतःचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं पाहिजे, त्यात घाई म्हणण्यासारखं काय आहे?

दुसरं, तुमच्या यादीत मुली किती आहेत ते मोजलंत का? मी सांगते, कमी असणार, आणि कुणीतरी म्हणणार की 'रेकॉर्डच नाहीत तर काय करणार'. अहो रेकॉर्ड कुठून असतील, स्पर्धाच नव्हत्या तर. ऑलिंपिकमध्ये बायकांची 800 मीटर 1928 ला ठेवली आणि लगेच काढून टाकली, ती परत आली 1960 ला. मॅरेथॉनला तर 1984 उजाडलं. अमेरिकेत शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा 1972 ला आला, त्याच्या आदल्या शालेय वर्षात तिथल्या हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या आणि मुलं साडेछत्तीस लाखांच्या वर. जगभर हीच तऱ्हा, तर गावच्या शाळेत काय वेगळं असणार. तुमच्या जुन्या बॅचमध्ये एखादी मुलगी सगळ्या मुलांना पळण्यात मागे टाकत असेल आणि तिला स्पर्धेला पाठवलंच नसेल. मेडल हाच निकष धरलात तर ती कायमची बाहेर. तिच्यासाठी साक्षीवर चालणारा मार्ग ठेवा, तिच्याबरोबरच्या तीन-चार जणींनी वेगवेगळं लिहून दिलं आणि ते जुळलं तर बास.

आणि टीमचं काय? कबड्डी, खो-खो, रिले, हे खेळ छोट्या शाळांचा जीव असतात आणि फलकावर मात्र एकट्या कॅप्टनचं नाव. इंडियानातल्या मायलन हायस्कूलची गोष्ट वाचा, शाळेत विद्यार्थी सगळे मिळून 161, आणि 1954 ला त्यांनी कितीतरी मोठ्या मन्सी सेंट्रल शाळेला फायनलमध्ये 32-30 हरवून राज्याची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली. शेवटचा बास्केट बॉबी प्लंपचा, सगळीकडे त्याचंच नाव घेतात, तरी त्या गावाने छोटं म्युझियम केलंय ते अख्ख्या 54 च्या टीमचं. राखीव खेळाडूंसकट पूर्ण टीम एका ओळीत घाला, जागा तेवढीच लागते.

बाराव्वा_गडी

राखीव खेळाडूंचा विषय निघालाच आहे तर, 1988 ला हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय क्रिकेट स्पर्धेत सचिन-कांबळीची 664 ची पार्टनरशिप सगळ्यांना पाठ आहे, पण पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसून होता तो अमोल मुजुमदार. बसला तो बसलाच, बॅटिंग आलीच नाही. त्या मॅचच्या स्कोअरवरून फलक केला असता तर त्याच्या नावापुढे काय लिहिलं असतं? 2025 चा महिला वर्ल्ड कप भारताने जिंकला तेव्हा कोच तोच होता. एवढंच सांगायचं होतं, चालू द्या.

आकडेमोड

रेकॉर्डबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

जुन्या रजिस्टरमधला आकडा उचलून सरळ फलकावर लिहू नका. पहिली गोष्ट अंतर. जुन्या काळी 100 यार्ड पळायचे, ते होतात 91.44 मीटर, आणि कुणीतरी नंतर कॉपी करताना यार्डचं मीटर करून ठेवलेलं असतं, त्यामुळे गावातलं पोरगं जागतिक विक्रमाच्या आसपास पळालेलं दिसतं. दुसरी गोष्ट घड्याळ. हाताने स्टॉपवॉच दाबलं की वेळ कमीच येते, कारण सुरुवातीच्या पिस्तुलाचा धूर दिसून बोट दाबेपर्यंत पळणारा निघालेला असतो. म्हणून 100 आणि 200 मीटरला हाताची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची तर साधारण 0.24 सेकंद वाढवून धरतात. फलकावर वेळ लिहिताना 'हस्तमापन' एवढा एक शब्द पुढे टाका, म्हणजे आत्ताच्या पोरांवर अन्याय होत नाही. वाऱ्याचं तर शाळेच्या ग्राउंडवर कुणी मोजतच नाही, पाठीमागून सेकंदाला 2 मीटरपेक्षा जोरात वारा असेल तर 100 मीटर आणि लांब उडीचा विक्रम मोठ्या स्पर्धांत धरतसुद्धा नाहीत.

भालाफेकीची गंमत वेगळीच. 1984 मध्ये उवे होन नावाच्या जर्मन खेळाडूने 104.80 मीटर फेकला, त्यानंतर 1986 ला पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला, म्हणजे भाला लवकर टोकावर पडावा. बायकांचा भाला 1999 ला बदलला. त्यामुळे जुन्या आणि नव्या भाल्याचे विक्रम एकाच ओळीत लिहिणं चूक आहे, वेगळे लिहा. गोळ्याचंही तेच, मोठ्या पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा, शाळेच्या वयोगटांना हलका असतो आणि वयोगटागणिक बदलतो, तेव्हा वजन लिहिल्याशिवाय मीटर लिहू नका.

पुरावा कुठे शोधायचा? शाळेच्या कपाटात फार काही सापडणार नाही. सर्टिफिकेटं खेळाडूंच्या घरी असतात, ती मागवा आणि परत देऊन टाका, फक्त फोटो काढून ठेवा. शाळेचे वार्षिक अंक बघा, ट्रॉफीच्या बुडाशी कोरलेलं वर्ष बघा, आणि जुन्या पेपरच्या फाइली असलेली लायब्ररी गाठा. दोन जागी तोच आकडा मिळाला तरच लिहा, नाहीतर नुसतं वर्ष आणि स्पर्धा लिहा, काही बिघडत नाही.

दहावी_ब_मागचा_बाक

आकडेमोड, जबरदस्त! आमच्याकडे 100 मीटरला असाच एक अचाट टाइम लिहिलेला आहे, सगळे इतकी वर्षं छाती फुगवून सांगतात. आता यार्डाचा संशय यायला लागलाय पण ग्रुपवर बोलायची हिंमत नाही.

पण कोचचा प्रश्न तसाच राहिला हो. ट्रॉफीशिवाय कोच मोजायचा कसा?

नुसता_वाचक

कोचबद्दल मी लिहितो. ट्रॉफ्या मोजायच्या नाहीत असं नाही, पण ट्रॉफी हे बऱ्याचदा त्या वर्षी शाळेला कसली पोरं मिळाली त्याचं फळ असतं. डिक फॉस्बरी बघा. ऑरेगॉनमधल्या मेडफर्डच्या हायस्कूलमध्ये होता, तेव्हाच्या चालू पद्धतीने त्याला उंच उडी धड जमत नव्हती. कोच स्वतः शिकवायचे ती पद्धत वेगळी, तरी त्यांनी त्याला त्याच्या जुन्या कात्री उडीवर परत जायची मोकळीक दिली, आणि तो बदलत बदलत पाठीवर उलटा जायला लागला. 1968 ला मेक्सिकोत त्याच उडीने 2.24 मीटर आणि गोल्ड, आणि आज सगळं जग तशीच उडी मारतं. आता सांगा, पोराला त्याच्या पद्धतीने करू दिलं हे कोणत्या रजिस्टरमध्ये लिहिणार?

आपल्याकडे द्रोणाचार्य पुरस्कार 1985 ला सुरू झाला. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत ओ. एम. नांबियार होते, पी. टी. उषाचे कोच. आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसला उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं होतं, 55.42 आणि पुढची 55.41. चौथा नंबर. तरी कोचचा मान झालाच ना. त्यांनी तिला हेरलं ते शाळकरी वयात.

मी असतो तर कोचच्या अर्जात असले प्रश्न ठेवले असते: त्यांच्या हाताखालची किती मुलं शाळा सुटल्यावरही खेळत राहिली, त्यातली कुणी पुढे स्वतः कोच किंवा पंच झाली का, टीममध्ये न निवडलेल्या पोरांशी ते कसे वागायचे, मुलामुलींना दुखापत असताना खेळवायचे का. शेवटचा प्रश्न माजी खेळाडूंना एकेकट्याने विचारा, सगळ्यांसमोर खरं उत्तर येत नाही. माझ्या माहितीत ट्रॉफीवाले एक सर आहेत, पोरांचे गुडघे गेले त्यांच्या हट्टापायी.

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

वाचक, शेवटचा मुद्दा लाखमोलाचा. त्याला जोडून एक कलम टाकाच, नाव काढायचं कलम. आत्ता नको वाटेल, पण लागतं. पेन स्टेट विद्यापीठात फुटबॉल कोच जो पटर्नोचा पुतळा होता, त्याच्या जुन्या सहायकाने मुलांवर अत्याचार केल्याचं सिद्ध झालं, कोचने कळूनही पुरेसं काही केलं नाही असं चौकशीत म्हटलं गेलं, आणि 2012 ला तो पुतळा काढावा लागला. आजही तिथे दोन तट आहेत. नाव कोण काढणार, किती मतांनी, संबंधिताला म्हणणं मांडायला मिळणार का, हे आधी लिहिलेलं असलं की पुढच्या लोकांना मारामाऱ्या कराव्या लागत नाहीत. याच कारणासाठी संगमरवरात एकत्र कोरू नका, प्रत्येक नावाची सुटी पट्टी करा. स्पेलिंग चुकलं तरी तीच बदलता येते, आणि चुकतंच.

@खोखोवाली ताई, सत्तरीच्या पुढच्यांना आधी घ्यायचं मान्य. माझाही नंबर त्यात लागेल म्हणून नव्हे हां.

खोखोवाली

😄 सर, तुमचा अर्ज मीच भरते, आधी दुखापतीवाल्या प्रश्नाचं उत्तर द्या.

दहावी_ब_मागचा_बाक

सगळ्यांचे आभार. रविवारी मीटिंग आहे, नियमांचा कच्चा मसुदा करून नेतो: नोकरीतले कोच नाहीत, वयस्कर सरांचे अर्ज आधी, पूर्ण टीम एका ओळीत, साक्षीचा मार्ग, नाव काढायचं कलम, सुट्या पट्ट्या. शिवाय कमिटीत बसलेल्याने स्वतःचं किंवा घरच्यांचं नाव सुचवायचं नाही, हे मी माझ्याकडून घालतोय, यावरच सगळ्यात जास्त आवाज चढणार. ग्राउंडवाल्या सरांसाठी त्यांच्या जुन्या पोरांकडून पत्रं मागवायला आजच सुरुवात केली. एक राहिलं, फलक बास्केटबॉलच्या रिंगच्या मागच्या भिंतीवर चालेल का? हॉलमध्ये तीच मोकळी आहे.

बाराव्वा_गडी

चालेल की, पण काच लावू नका.