'कार्नोसॉर' (१९९३): गरीब कॉपी म्हणून हिणवणं बरोबर आहे का?

रात्रपाळी:
काल रात्री 'कार्नोसॉर' पुन्हा बघितला, आणि हा ज्युरासिक पार्कची भिकार नक्कल आहे असं लोक न बघताच बोलतात त्याबद्दल लिहायचंच होतं. निर्माता रॉजर कॉर्मन, दिग्दर्शक अ‍ॅडम सायमन, खर्च दहा लाख डॉलरच्याही आत. ज्युरासिकचा खर्च सहा कोटींच्या वर! गोष्ट अशी की एक शास्त्रज्ञ बाई कोंबड्यांच्या अंड्यांमधून डायनासोर परत आणते, त्यातला एक डायनॉनिकस सुटतो आणि दिसेल त्याला फाडत जातो, आणि दुसरीकडे गावात एक ताप पसरतो आणि बायकांच्या पोटात डायनासोर वाढायला लागतात. त्या बाईला पार्क काढून तिकिटं विकायची नाहीयेत, तिला माणूसच संपवायचाय आणि पृथ्वी डायनासोरना परत द्यायचीय. शेवट तर इतका काळा की हिरो-हिरॉइनसुद्धा वाचत नाहीत. मूळ कादंबरी १९८४ ची आहे, म्हणजे ज्यावरून ज्युरासिक पार्क निघाला त्या मायकेल क्रायटनच्या पुस्तकाच्या सहा वर्षं आधीची. मग कॉपी कुणी कुणाची केली?

खडकवासी:
कादंबरी आधीची, मान्य. पण पिक्चर कधी आला ते बघा ना. मे १९९३, ज्युरासिकच्या जेमतेम काही आठवडे आधी. हा योगायोग नाही, दुसऱ्याच्या जाहिरातीवर आपलं दुकान चालवणं आहे. शास्त्रज्ञ बाईच्या रोलमध्ये कोण, तर डायान लॅड, म्हणजे ज्युरासिकच्या लॉरा डर्नची आई. आणि डायनासोर म्हणाल तर रबर आहे हे लांबून कळतं, चालताना पाय जमिनीला टेकतायत असं वाटतच नाही. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने त्या वर्षीच्या सगळ्यात वाईट पिक्चरमध्ये धरला होता.

रात्रपाळी:
आणि टीव्हीवरच्या समीक्षेच्या कार्यक्रमात त्याच्याच शेजारी बसणाऱ्या जीन सिस्केलने थम्ब्स अप (म्हणजे 'बघा' असा कौल) दिला होता, ते का नाही सांगत?
लॅडबाईंबद्दल मात्र असहमत. आईला घेतलं ते जाहिरातीसाठी असेलही, पण बाईंनी काम बघा कसं केलंय. एकदासुद्धा हलक्यात घेतलेलं नाही, माणूस नष्ट व्हायला हवा हे त्या इतक्या शांतपणे बोलतात की मला खरंच भीती वाटली.

पागोळी:
मला रबराचं काही नाही, लहानपणापासून असले पिक्चर आवडीने बघते. मला त्रास झाला तो बायकांच्या मरण्याचा. त्या तापाने बायका बाळंत होऊन मरतात, एकीमागून एक, आणि त्यातल्या एकीचंही नाव आपल्याला लक्षात राहत नाही, तिला काय वाटलं ते कुणी विचारत नाही. कॅमेरा फक्त पोटाकडे. एवढी भयंकर कल्पना हातात होती आणि ती किळस आणायला वापरून टाकली. याला बजेट लागत नाही हो, दोन मिनिटं जास्तीचे संवाद लागतात.

रात्रपाळी:
पागोळीताई, हे मात्र पटलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सुताराचा_मुलगा:
रबराबद्दल मी बोलतो, कारण स्टेजची कामं करतो, फोम आणि लेटेक्स हाताने लावलंय. कार्नोसॉरचे डायनासोर बनवणाऱ्या जॉन ब्यूक्लरच्या टीमने या पैशात पूर्ण आकाराचा टी-रेक्स उभा केला, ही साधी गोष्ट नाही. आणि ज्युरासिकमध्येही सगळं कॉम्प्युटरचं होतं हा गैरसमज काढा. तिथे डायनासोर पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटं आहेत आणि त्यातले बरेचसे स्टॅन विन्स्टनच्या टीमने हाताने बनवलेले. म्हणजे रबर दोन्हीकडे.

खडकवासी:
अहो मग हाच तर माझा मुद्दा झाला! रबर दोन्हीकडे, पण स्पीलबर्गने ते रात्री, पावसात दाखवलं. कार्नोसॉरमध्ये भगभगीत उजेडात आणून ठेवलंय, मग दिसणारच ना सगळं. अंधार फुकट मिळतो, त्याला डोकं लागतं.

सुताराचा_मुलगा:
अंधार फुकट असेल, पाऊस नाही. ज्युरासिकच्या त्या पावसातल्या शूटिंगला टी-रेक्सची कातडी स्पंजासारखी पाणी प्यायली, वजन वाढून अख्खं यंत्र थरथरायला लागलं आणि टीमला दर थोड्या वेळाने ते पुसून कोरडं करत बसावं लागलं. एवढा वेळ थांबायला शूटिंगचे दिवस लागतात आणि दिवसाचे पैसे लागतात. कॉर्मनकडे ते नव्हते.
पण उजेडाचं तुमचं बरोबर आहे. खाणीतल्या सीनमध्ये लाइट निम्मे केले असते तरी चाललं असतं.

चिंचपेटी:
शेवटची लोडरची मारामारी कुणीच काढली नाही? हिरो त्या छोट्या जेसीबीसारख्या मशीनमध्ये बसून टी-रेक्सला टक्कर देतो. आधीपासून दाखवलंय की तो खाणीवर रात्रीचा वॉचमन आहे, मशीन तिथलंच आहे, म्हणजे ऐनवेळी कुठून तरी बंदूक सापडली असलं काही नाही. मला ती मारामारी मनापासून आवडते.

खडकवासी:
तो सीन चांगला आहे, मी कधी नाही म्हटलं? पण त्यासाठी आधीचा तासभर बसा असं मी कुणाला सांगणार नाही.

पागोळी:
मी सांगेन, पण आधी सावध करून. आणि कॉर्मनच्या हाताखाली जेम्स कॅमेरॉन, स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी हे मोठे दिग्दर्शक शिकले म्हणून त्याच्या प्रत्येक पिक्चरला माफी, हे कुणी इथे लिहिण्याआधीच सांगते, मला मान्य नाही. त्या बायकांपैकी एकीला तरी नाव द्यायला हवं होतं.