मदत हवी आहे: रात्रीचा बिल्ड अकरा दिवस लाल, आणि कुणाला पत्ताच नाही

मंडळी, नमस्कार.

ध्वनिफाइलींचे फॉरमॅट बदलणारी एक छोटी लायब्ररी आम्ही सात-आठ जण फावल्या वेळात सांभाळतो. गाभा सीमध्ये, वर पायथनचं वेष्टण. बिल्ड (कोड आपोआप बांधून टेस्ट चालवण्याच्या फेऱ्या) गिटहब अ‍ॅक्शन्सवर चालतात; पडला की लाल, पास झाला की हिरवा. ते ज्यांनी बसवले ते दीड वर्षापूर्वी नोकरी-संसारात अडकले आणि हळूहळू दिसेनासे झाले. तक्रार नाही, फुकटच्या कामाला कोण बांधलेलं असतं? पण ‘तू जरा बघशील का’ करत किल्ली माझ्याकडे आली. मी मूळचा सीवाला. याम्लच्या (बिल्डच्या सेटिंगच्या) फाइलीत एक स्पेस इकडची तिकडे झाली की माझी संध्याकाळ गेलीच.

गेल्या आठवड्यात सहज उघडून पाहिलं तर रात्रीचा बिल्ड सलग अकरा दिवस लाल. कारण किरकोळ होतं. कंपायलरची नवी आवृत्ती आली, तिने एक नवी वॉर्निंग दिली, आणि वॉर्निंगलाही एरर मानायचा आमचा नियम आड आला. ते तासाभरात उरकलं. पण मला एकही मेल कसा नाही? नोटिफिकेशनचे निरोप चालू आहेत, स्पॅमही चाळून झालं. माझ्या पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडात घ्यायच्या विनंतीवर) काही पडलं तर मेल लगेच येतो.

दुसरं दुखणं जुनं आहे. एक टेस्ट मनात येईल तेव्हा पडते. सगळे ‘पुन्हा चालवा’ दाबतात, कधी एकदा, कधी तीनदा. हिरवं झालं की बदल मुख्य कोडात मर्ज. माझ्या मशीनवर ‘मेक टेस्ट’ शंभर वेळा चालवलं, एकदाही पडली नाही.

आणि तिसरं: लिनक्सची व्हील्स (पायथनची तयार बांधलेली पॅकेजेस) फक्त नवी आवृत्ती काढतानाच बनतात. मागची आवृत्ती मार्च २०२४ मध्ये निघाली, तेव्हा सुरळीत. आता यम (लिनक्सवर पॅकेजेस बसवणारी आज्ञा) पहिल्याच पायरीला मिररलिस्टच्या (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या) सर्व्हरचं नावच सापडत नाही म्हणून थांबतो. व्हील्स बांधायला आम्ही मॅनीलिनक्स२०१४ या तयार वातावरणाची एक जुनी इमेज पिन (पक्की) करून ठेवली आहे.

खरं सांगायचं तर मला याहून मोठी काळजी वेगळीच आहे. लाल फुलीकडे आता कुणी बघतच नाही. ती परत लोकांच्या डोळ्यांत खुपायला हवी, आणि तेही माझ्या आठवड्याच्या दोन तासांत. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

मेलचं कोडं सोपं आहे. वेळापत्रकावर चालणाऱ्या वर्कफ्लोचा (बिल्डच्या पायऱ्यांच्या फाइलीचा) निरोप रेपोच्या सगळ्या मेंटेनरना जात नाही. त्या फाइलीतली क्रॉनची (वेळ ठरवणारी) ओळ ज्याने शेवटची बदलली, त्याला जातो. म्हणजे तुमचे अकरा मेल त्या जुन्या गृहस्थांच्या इनबॉक्समध्ये पडलेत. क्रॉनची वेळ तुम्ही स्वतः बदलून कमिट (बदलाची नोंद) करा. बदलताय तर तासाच्या ठोक्यावर ठेवू नका, तेव्हा गर्दी असते आणि बिल्ड उशिरा सुटतो. १७ मिनिटं, ४३ मिनिटं, असं काहीतरी द्या.

आणखी एक. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर वेळापत्रकाचे वर्कफ्लो आपोआप बंद होतात. तुमच्यासारख्या शांत प्रकल्पात हे होणारच. तेव्हा लाल नाही, हिरवं नाही, नुसती सामसूम असते.

प्रतिसाद २

टेस्ट पडते तेव्हा लॉगमध्ये काय दिसतं ते इथे टाका. ‘मनात येईल तेव्हा’ यावरून काही सांगता यायचं नाही.

धागाकर्ता

हे घ्या. अपेक्षित फॉरमॅटची यादी: वाव, फ्लॅक. मिळालेली: फ्लॅक, वाव. बस, एवढंच. म्हणूनच कुणी मनावर घेतलं नाही.

प्रतिसाद ३

मी असते तर ती टेस्ट सरळ उडवली असती. रोज खोटं बोलणाऱ्या टेस्टपेक्षा टेस्ट नसलेली परवडली.

प्रतिसाद २

अहो थांबा, ती खोटं बोलत नाहीये! कोडमध्ये कुठेतरी सेटची (क्रम नसलेल्या संचाची) यादी केलेली असणार. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) प्रत्येक वेळी वेगळा निघतो, त्यामुळे सेटमधला क्रम प्रोसेसगणिक बदलतो. दोनच नावं आहेत, म्हणजे साधारण निम्म्या वेळा पडणार. क्रमाला अर्थ नसेल तर सॉर्ट करा. अर्थ असेल तर बग टेस्टमध्ये नाही, लायब्ररीत आहे. तुमच्याकडे कधीच पडत नाही याचाच मला संशय येतोय. हॅश एकसारखा ठेवणारं पायथनहॅशसीड हे व्हेरिएबल कुठे पक्कं केलंय का बघा.

प्रतिसाद ४

व्हील्सबद्दल: मॅनीलिनक्स२०१४ सेंटओएस ७ या लिनक्सवर उभं आहे आणि सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर मिररलिस्टचा सर्व्हर बंद झाला. जुनी पॅकेजेस व्हॉल्ट नावाच्या साठ्यात आहेत. यमच्या फाइलीतले पत्ते तिकडे वळवले की आजचा दिवस निभेल. पण वेळ आहे तर मॅनीलिनक्स_२_२८ वर जा. ते अल्मालिनक्स ८ वर आहे. ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ च्या आधीची असलेल्यांना मग तयार व्हील मिळणार नाही, हे प्रकाशन-टिपणात ठळक लिहा. नाहीतर ते लोक तुमच्याच दारात येतील.

वर्कफ्लो उघडलेच आहेत तर बाहेरच्या अ‍ॅक्शन (इतरांनी लिहिलेल्या तयार पायऱ्या) टॅगवर (आवृत्तीच्या नावावर) न ठेवता पूर्ण कमिट हॅशवर (त्या बदलाच्या ओळख-क्रमांकावर) पिन करा. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सच्या ‘चेंज्ड-फाइल्स’ या अ‍ॅक्शनचे टॅग कुणीतरी परस्पर वाईट कमिटकडे वळवले आणि लोकांची गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. टॅग हलतो, हॅश हलत नाही.

प्रतिसाद १

दोन तासांत भागवायचं तर आधी पसारा आवरा. एका पुल रिक्वेस्टला किती जॉब सुटतात?

धागाकर्ता

चोवीस. चार पायथन, तीन ओएस, प्रत्येकी दोन प्रकारचे बिल्ड. मलाही आत्ता मोजल्यावर कळलं.

प्रतिसाद १

पुल रिक्वेस्टला चार ठेवा: लिनक्सवर सर्वांत जुना आणि सर्वांत नवा पायथन, बाकी दोन ओएसवर एकेक. उरलेले रात्री. तेवढे चार मात्र सक्तीचे करा, लाल असेल तर मर्जचं बटणच दाबता येऊ नये. आधी ती टेस्ट दुरुस्त करा हं, नाहीतर सक्ती केल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे तुमच्यावर उखडतील.

धागाकर्ता

सापडलं! मेकफाइलमध्ये ओळ आहे, पायथनहॅशसीड शून्य. तीन वर्षांपूर्वीचा कमिट, संदेश फक्त ‘टेस्ट दुरुस्त’. मेकफाइल वापरणाऱ्याला टेस्ट कायम हिरवी, आणि वर्कफ्लो मेकफाइल न वापरता थेट पायटेस्ट चालवतो. ओळ काढल्यावर तिसऱ्याच फेरीत माझ्याकडेही पडली. आणि बग लायब्ररीतच होता: फाइल ओळखताना कोणता डिकोडर आधी वापरून बघायचा, ते या क्रमावर ठरत होतं. ‘कधीकधी उघडत नाही’ अशी एक तक्रार आमच्याकडे वर्षभर पडून आहे, ती बहुधा हीच. आज तपासतो.

व्हील्स पुढच्या शनिवारी. क्रॉनची ओळ बदलली, आणि खात्री करायला मुद्दाम एक टेस्ट मोडून झोपलो. सकाळी मेल आलेला होता.