‘लीग’ म्हणजे साखळी का?

प्रश्न : एका क्रीडाविषयक मजकुराचे भाषांतर तपासताना ‘प्रीमियर साखळी’ आणि ‘रेलिगेशन’साठी, म्हणजे तळाच्या संघाने खालच्या श्रेणीत जाण्यासाठी, ‘पदावनती’ हे शब्द आढळले. ‘साखळी सामने’ आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत, तरी येथे तो शब्द खटकतो. असे का व्हावे?

उत्तर : ‘साखळी’ हा शब्द सामने कोणत्या पद्धतीने खेळले जातात एवढेच सांगतो, आणि त्याचा जोडशब्द ‘बाद’ हा आहे. विश्वचषकातही साखळी फेरी असते, पण म्हणून विश्वचषकाला कोणी लीग म्हणत नाही. लीग ही वर्षानुवर्षे चालणारी संस्था आहे. त्यामुळे तेथे ‘लीग’ हाच शब्द राहू द्यावा.

‘पदावनती’ला मात्र सरकारी कचेरीचा वास येतो. (वृत्तपत्रांतली ‘गच्छंती’ही योग्य नाही, कारण संघ कोठे जात नाही, खाली येतो.) फुटबॉलमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील 20 क्लबांपैकी तळाचे तीन दरवर्षी खालच्या श्रेणीत जातात, जर्मनीत 18 पैकी शेवटचे दोन थेट उतरतात आणि सोळाव्या क्रमांकाच्या संघाला खालच्या श्रेणीतील तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते. मुंबईकराला ही व्यवस्था परकी नाही. 1948 पासून भर पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटच्या कांगा लीगमध्ये ‘ए’पासून ‘जी’पर्यंत श्रेणी आहेत, आणि आझाद मैदानावरच्या आमच्या तंबूत, ओल्या पॅडांच्या वासात, हिशेब एकाच वाक्यात संपत असे : ‘यंदा आपण सीमधून डीत उतरलो.’ ‘चढणे’ आणि ‘उतरणे’ ही क्रियापदे तयार असताना संस्कृत शब्द घडवण्याची गरज मला वाटत नाही.

अमेरिकेत ही शिडीच नाही. एनएफएलचे, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, 32 संघ ठरलेले असून शेवटचा आलेला संघ खाली जाण्याऐवजी पुढच्या वर्षीच्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत सर्वसाधारणपणे पहिला हक्क मिळवतो. आयपीएल आणि प्रो कबड्डीनेही बंद दाराचीच रचना स्वीकारली. मात्र निवडीऐवजी दोन्हींनी लिलाव आणला.

पुरवणी : ‘डिव्हिजन’कडेही लक्ष द्यावे. कांगा लीगमध्ये तो शब्द दर्जा दाखवतो, म्हणून ‘श्रेणी’. एनएफएलमध्ये प्रत्येकी चार संघांचे आठ गट पूर्व, पश्चिम अशा नावांचे असतात आणि त्यांत उच्चनीच काही नाही, म्हणून तेथे ‘गट’ किंवा ‘विभाग’. ‘फ्रँचायझी’चे तर अधिक गमतीचे आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा कोशातला एक अर्थ ‘मताधिकार’ असा आहे, पण आयपीएलच्या फ्रँचायझीत चाहत्याला मत नसते, तेथे मालक असतो. याउलट जर्मनीत, मोजके अपवाद सोडल्यास, निम्म्याहून अधिक मते सभासदांकडेच राहावीत असा नियम आहे, आणि तेथील संघांना मात्र आपण ‘क्लब’ म्हणतो. म्हणून दोन्हींना सरसकट ‘संघ’ म्हटल्यास मालकी कोणाची हा फरकच पुसला जातो.

प्रश्नकर्ता : आभार. ‘साखळी’ आता फक्त फेरीपुरती ठेवली आहे आणि ‘पदावनती’च्या जागी ‘खालच्या श्रेणीत उतरणे’ लिहिले आहे. ‘फ्रँचायझी’ तशीच ठेवली. ‘मालकीचा संघ’ हे शीर्षकात मावत नव्हते.