थायरॉइडच्या एफएनएसीत (बारीक सुईनं काढलेल्या पेशींच्या तपासणीत) ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’, लोब (ग्रंथीची एक बाजू) काढल्यावर कार्सिनोमा: चुकलं कोण?

पॅथॉलॉजी रेसिडेंट, कोल्हापूर
थायरॉइडच्या सेमिनारसाठी तक्ता करतेय. समजा, २.२ सेंमीची घट्ट गाठ, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) नॉर्मल, सोनोग्राफीत टी-रॅड्स ४ (गाठ किती संशयास्पद दिसते याचा स्कोअर), एफएनएसीत बेथेस्डा ४ (सहा गटांपैकी ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’), आणि हिस्टोपॅथॉलॉजीत (काढलेल्या गाठीच्या तपासणीत) फॉलिक्युलर कार्सिनोमा. ही एफएनएसी फॉल्स निगेटिव्हमध्ये धरायची का?

सायटोपॅथॉलॉजिस्ट
अजिबात नाही. फॉल्स निगेटिव्ह म्हणजे बेथेस्डा २ (कॅन्सर नाही) दिलं आणि कॅन्सर निघाला. फॉलिक्युलर कार्सिनोमा ठरतो तो कॅप्सूल (गाठीभोवतीचं कवच) फोडलंय का, रक्तवाहिनीत शिरलाय का यावर. सुईत पेशी येतात, कॅप्सूल कुठून येणार? अडेनोमाच्या (कॅन्सर नसलेल्या गाठीच्या) पेशीही तशाच दिसतात. पॅपिलरी कार्सिनोमात मात्र न्यूक्लियसच्या खाचा आणि इन्क्लुजन स्लाइडवरच सापडतात. २०२३ च्या बेथेस्डात कॅन्सरची सरासरी शक्यता गट २ ला ४%, गट ४ ला ३०% दिलीय. तक्ता दोनदा मांडा: एकदा गट ४ पॉझिटिव्ह धरून, एकदा वगळून. धरला की सेन्सिटिव्हिटी (कॅन्सर पकडण्याची क्षमता) चढते, स्पेसिफिसिटी (कॅन्सर नसलेले बरोबर ओळखण्याची क्षमता) उतरते. नुसती ‘अॅक्युरसी’ लिहून मोकळं होऊ नका.

रेडिओलॉजिस्ट
सोनोग्राफीचं काम कुठल्या गाठीत सुई घालायची ते सांगणं. एसीआर (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी) टी-रॅड्समध्ये टीआर३ ला २.५, टीआर४ ला १.५, टीआर५ ला १ सेंमीपासून एफएनएसी. रुंदीपेक्षा उंची जास्त, बारीक चमकते ठिपके ही लक्षणं मुख्यतः पॅपिलरीची. फॉलिक्युलर कार्सिनोमा बऱ्याचदा गोलसर, भोवती हेलो (काळसर कडं) घेऊन साळसूद बसलेला असतो, त्यामुळे स्कोअर कमी येतो. टीएसएच कमी असेल तर आधी आयसोटोप स्कॅन. हॉट (आयसोटोप जास्त शोषणाऱ्या) गाठीला सहसा सुई लागत नाही.

सायटोलॉजी टेक्निशियन
मॅडम, बेथेस्डा १ (अपुरा नमुना) ची बरीच कारणं स्लाइड करण्यातच असतात. २५ गेजची सुई, शक्यतो सक्शनशिवाय. जोरात ओढलं की नुसतं रक्त. किमान ६ पुंजके, प्रत्येकात निदान १० फॉलिक्युलर पेशी हव्यात. पॅपसाठीची स्लाइड पसरताक्षणी ९५% अल्कोहोलमध्ये. वाळली की न्यूक्लियस फुगतं, क्रोमॅटिन धुवट दिसतं आणि उगाच बेथेस्डा ३ (अनिश्चित) होतं. जीम्साची मात्र हवेतच वाळवायची. सिस्ट असेल तर पाणी काढून उरलेल्या घट्ट भागात प्रोब ठेवून पुन्हा सुई, नाहीतर नुसते मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी). एक स्लाइड टोल्युइडिन ब्लूनं तिथंच बघा. चंदगडहून पहाटेची एसटी धरून आलेल्या पेशंटला पुन्हा बोलवावं लागत नाही.

हिस्टोपॅथॉलॉजिस्ट
हिस्टोपॅथॉलॉजीला ‘गोल्ड स्टँडर्ड’ म्हणताना कॅप्सूलचे ब्लॉक (तपासायला घेतलेले तुकडे) किती घेतले तेही लिहा. अशा गाठीचं शक्यतो सगळं कॅप्सूल घ्यावं. दोन-तीन ब्लॉकवर ‘अडेनोमा’ लिहिलं तर तक्ताच पोकळ. फ्रोझनचा (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेल्या तपासणीचा) इथे फारसा उपयोग नाही, तेवढ्या वेळात कॅप्सूलचा छोटा तुकडाच बघून होतो. सुईच्या वाटेवरही कॅप्सूल तुटल्यासारखं दिसतं. शेजारी हिमोसिडरिन (जुन्या रक्तस्रावाची खूण), फायब्रोसिस (व्रण) असेल तर इन्व्हेजन (कॅन्सरचा शिरकाव) म्हणायची घाई नको. आणि सर्जनना एवढं सांगा: ‘आत काय आहे बघूया’ म्हणून ओटीत गाठ चिरू नका. लोब अख्खा, दहापट फॉर्मलिनमध्ये पाठवा.